नंबर गेला, पडदा तोच

वर्तकनगरात माझं चष्म्याचं दुकान आहे. मायनस आठ-दहा नंबरवाली पोरं येतात, म्हणतात, "काका, हा शेवटचा चष्मा. दिवाळीनंतर लेझर करून टाकणार." गिऱ्हाईक जाणार म्हणून थोडं वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? पण मी एवढंच विचारतो, "थेंब घालून पडदा तपासून घेतलास का?" "नंबर काढला ना मशीनवर!" असं उत्तर येतं.

नंबरच्या मशीनला पडद्याची कड दिसत नाही. साधारण डोळा पुढून मागे २४ मिलिमीटर असतो. त्यापुढे एकेक मिलिमीटर वाढला की अडीच-तीन नंबर चढतो. डोळा लांबला की आतला पडदा, म्हणजे रेटिना, ताणला जातो आणि कधी कधी जुन्या धोतरासारखा कडेला विरतो. या विरलेल्या पट्ट्यांना डॉक्टर लॅटिस म्हणतात. त्यांत कधी बारीक गोल भोकं पडतात. पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून दुखत नाही. भोक कडेला, म्हणून दिसण्यातही फरक नाही. नंबर घालवणारं लेझर पुढच्या कॉर्नियावर होतं. चष्मा सुटतो, डोळ्याची लांबी आणि पडदा जसेच्या तसे राहतात.

भीती असते ती भोकातून आत शिरणाऱ्या पाण्याची. पाणी पडद्याखाली गेलं की पडदा सुटतो. हे सिद्ध करून दाखवलं स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी. त्याआधी पडदा सुटलेल्यांना आठवडेच्या आठवडे निजवून ठेवत, आणि तरी बहुतेकांची नजर जाई. गोनँ यांनी १९२०च्या दशकात भोक शोधून ते डाग देऊन बंद केलं. पुढे १९४५च्या सूर्यग्रहणाकडे पाहून पडदा भाजलेला एक रुग्ण जर्मनीतल्या मायर-श्विकेराथ यांनी तपासला. उजेडाने पडद्यावर वण उठतो, तर तोच वण मुद्दाम का उठवू नये, असा विचार त्यांनी केला. पडद्यावरच्या आजच्या लेझरची वाट तिथून निघाली.

आता प्रत्येक भोकाला लेझर लागतं असं नाही. गोल भोक, त्रास काही नाही, भोवती पाणी नाही, तर डॉक्टर बरेचदा ठरावीक काळाने दाखवायला सांगतात. "पैसे घेतले आणि काही केलंच नाही," अशी तक्रार मग माझ्या काउंटरवर होते. माझ्या मते असे डॉक्टर सोडू नयेत. दुसऱ्या डोळ्याचा पडदा आधी सुटला असेल किंवा भोवती पाणी दिसत असेल, तर हिशेब बदलतो. डोळ्यातला जेल आकसताना पडदा ओढून घोड्याच्या नालेच्या आकाराची चीर पाडतो, आणि तिला मात्र थांबायला सवड नसते. अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, अंधारात कडेला विजेसारखी चमक, एका बाजूने सावली चढणं, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांकडे जा; चष्म्याच्या दुकानात नको.

पडद्याचं लेझर खुर्चीत बसूनच होतं. बधिर करणारे थेंब घालतात आणि भोकाभोवती ठिपक्यांच्या रांगा उठवतात. भोक बुजत नाही, कड चिकटते. वण पक्का व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात. डोळ्यापुढे माश्यांसारखे तरंगणारे जुने ठिपके त्यानेही जात नाहीत. आणि तपासणीला जाताना स्कूटर घरी ठेवा. बाहुली मोठी केल्यावर काही तास धूसर दिसतं आणि दुपारच्या उन्हात पोखरण रोडवर डोळे उघडवत नाहीत.