ओल वर्गाच्या भिंतीत, खोकला मुलांच्या छातीत

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे ओल आणि बुरशी हे कोकणातल्या घरांचे दुखणे, आपले नव्हे, असे आपण धरून चालतो. २०२५ च्या मे महिन्याने हा समज मोडला. २५ मे रोजी मुसळधार पावसात पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, शेतांत आणि वस्त्यांत पाणी शिरले. बारामती आणि इंदापुरात मदतीसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या पाठवाव्या लागल्या. पुढे ७ जूनला बकरी ईद झाली आणि १६ जूनला शाळा उघडल्या.

म्हणजे मधले तीन आठवडे वर्गखोल्या कुलूपबंद होत्या. ओल्या पृष्ठभागावर बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात. ज्या वर्गाचे छत गळते, तेथे तीन आठवड्यांत तिने केवढा पसारा मांडला असेल! पाऊस दरवर्षी असा पडणार नाही, पण गळके छत आणि पाझरणारी भिंत दरवर्षी तीच असते.

कोरड्या मुलखात ओल कुठून येते?

पाऊस कमी म्हणून आपल्याकडे सपाट स्लॅब टाकताना उताराकडे फारसे लक्ष दिले जात नाही. छतावर पाणी साचते आणि मुरते. दुसरे कारण आपल्या पायाखालीच आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावरच्या इमारतीला तडे जातात आणि पाणी त्या तड्यांतून आत येते. तिसरे कारण कालव्याचे. बारमाही पाण्यामुळे ऊस पिकला, पण कालव्याकाठच्या सखल जागी जमिनीतली ओलही वर आली.

भिंत वाचता आली तर कारण कळते. छताशी पिवळे-काळे डाग असतील तर स्लॅब गळतो. खिडकीखाली डाग असेल तर चौकटीतून पाणी येते. खालून वर ओल चढली असेल आणि पांढरा लोणा फुटला असेल, तर पाणी जमिनीतून येते आहे. बाहेर जोत्याला टेकून मातीचा ढीग, फुलझाडांचा वाफा किंवा हात धुण्याचे नळ आहेत का, हे तेव्हा पाहावे.

मुलांना नेमके काय होते?

बुरशी हवेत सूक्ष्म बीजाणू सोडते. ते श्वासाबरोबर आत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर इमारतीत राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर, श्वसनाचे विकार आणि दमा बळावण्याचा धोका जास्त असतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बुरशी अमुक इतकी असली तरी चालेल, अशी सुरक्षित मर्यादा संघटनेने दिलेली नाही. ओलच राहू देऊ नका, एवढाच तिचा सल्ला आहे.

सगळीच मुले आजारी पडतात असे नाही. ज्याला दमा किंवा ॲलर्जी आहे, ज्याची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्याला त्रास आधी होतो. कोरोनाकाळात म्हणजे २०२१ मध्ये ‘ब्लॅक फंगस’ने जी दहशत घातली, तो आजार वेगळा. भिंतीवर काळा डाग दिसला म्हणजे तो आजार आला, असे घाबरून जाऊ नये.

अम्मींनी एक गोष्ट वहीत लिहून ठेवावी. मुलाचा खोकला रविवारी आणि सुट्टीत कमी होतो का? शाळा सुरू झाली की वाढतो का? डोळे चुरचुरणे, सारख्या शिंका, रात्री खोकल्याने जाग येणे, धावल्यावर धाप लागणे, हेही लिहावे. ही वही डॉक्टरांना दाखवली तर त्यांचे काम सोपे होते. नाहीतर दरवेळी खोकल्याचे औषध बदलत राहते आणि कारण जागच्या जागी राहते. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर क्षयरोगाचीही तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांनी दम्यासाठी पंप दिला तर ‘त्याची सवय लागते’ या ऐकीव गोष्टीपायी तो बंद करू नये. औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून ते थोड्या मात्रेत पुरते.

रंग मारून बुरशी जात नाही

पंधरा ऑगस्टच्या आधी भिंतीला रंग दिला की वर्ग चकाचक दिसतो आणि दिवाळीला पोपडे पडतात. पाणी थांबवल्याशिवाय केलेला खर्च पाण्यातच जातो. म्हणून क्रम असा ठेवावा:

- आधी गळती बंद करावी. छतावरचा पालापाचोळा काढावा, पाणी वाहून नेणारे पाइप मोकळे करावेत, तडे बुजवावेत, जोत्याची माती हटवावी.
- मग भिंत पूर्ण वाळू द्यावी.
- बुरशी कोरड्या झाडूने झटकू नये, त्याने ती वर्गभर उडते. साबणाच्या पाण्याने ओली करून घासावी आणि लगेच कोरडी करावी. तोंडाला मास्क, हातात मोजे असावेत. हे काम मोठ्यांनी, शाळा सुटल्यावर करावे. मुलांकडून करून घेऊ नये. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो.
- शेवटी रंग. चुन्याची सफेदी स्वस्त असते, तिच्यातून भिंतीचा ओलावा बाहेर पडतो आणि चुन्यावर बुरशी सहज धरत नाही. ऑइलपेंट मात्र ओल आतच कोंडतो.

भिजलेल्या सतरंज्या, बसकर पट्ट्या उन्हात कडक वाळवाव्यात. कुबट वास गेला नाही तर टाकून द्याव्यात. पोषण आहाराच्या तांदळाची पोती भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत. बुरशी धरलेले धान्य निवडून, धुऊनही वापरू नये.

आपला हक्क, आपली जबाबदारी

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत शाळेची इमारत सर्व ऋतूंत टिकणारी असावी असे म्हटले आहे. त्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळा उर्दू असो वा मराठी, या समितीत आपल्या माणसांची नावे कागदावर असतात, पण बैठकीला कितीजण जातात?

मेच्या अखेरीस दोन पालकांनी मुख्याध्यापकांबरोबर प्रत्येक खोली पाहावी. फोटो काढावेत. कोणती खोली, कोणती भिंत, ओल कुठून, हे लिहून अर्ज द्यावा आणि तो विषय बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. दुरुस्ती मोठी असेल तर ठराव पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावा. शिक्षकांशी भांडून काही साधत नाही, त्याच वर्गात तेही दिवसभर श्वास घेतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येईल तेव्हा खोकणाऱ्या मुलांची यादी तयार ठेवावी.

हीच नजर आपल्या मक्तबकडेही वळावी. तेथे कुणी अधिकारी पाहायला येणार नाही. वुजूखान्याला लागून असलेली खोली, पावसाळाभर न उचललेली चटई, बंद खिडकी, आणि त्यात दाटीने बसून सबक घेणारी लहान मुले. पाकीला आपल्या दीनमध्ये ईमानशी जोडले आहे. कपडा पाक, जागा पाक, याची आपण काळजी घेतो. मग ज्या हवेत मूल श्वास घेते, ती कशी वगळता येईल? मुले ही अल्लाहने आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. या जुम्म्याला नमाजनंतर चार जणांनी मक्तबची चटई उचलून खाली पाहावे. कामाची सुरुवात तेथूनच होईल, इन्शाअल्लाह.