रक्त पडते म्हणजे मूळव्याधच, असे नव्हे

शौचावाटे रक्त पडले की आपल्याकडे निदान घरीच होते : मूळव्याध! मग सुरणाची भाजी, ताक, कोणी सुचविलेला लेप, जाहिरातीतले औषध असे उपचार सुरू होतात. पुष्कळदा दुखणे मूळव्याधीचे असतेही. परंतु मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगातही असेच रक्त पडते, आणि या समजापायी रुग्णाचे महिनेच्या महिने वाया जातात. मूळव्याध असलेल्या माणसास कर्करोग होत नाही, असेही नाही.

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. त्याच्या आतील अस्तरावर कधी कधी लहान गाठीसारखी वाढ होते, तिला पॉलिप म्हणतात. बहुतेक कर्करोगांचे मूळ येथेच असते. काही पॉलिपांचे कर्करोगात रूपांतर होते, पण त्यास बहुधा दहा वर्षे लागतात. तत्पूर्वी पॉलिप सापडल्यास तो बहुधा दुर्बिणीतूनच काढता येतो.

पुढील लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये :

१) शौचाबरोबर रक्त किंवा रक्तमिश्रित आव पडणे.

२) शौचाच्या नेहमीच्या सवयीत बदल होऊन तो तीन आठवड्यांहून अधिक टिकणे, बद्धकोष्ठता, जुलाब किंवा दोन्ही आलटून पालटून.

३) जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखे वाटणे.

४) पोटात कळा येणे, पोट फुगणे, हाताला गाठ लागणे, कारण नसता वजन घटणे.

५) थकवा, धाप, फिकटपणा. आतड्याच्या उजव्या भागातील कर्करोगात रक्त थोडे थोडे झिरपते. ते दिसत नाही, पण हिमोग्लोबिन उतरते. म्हणून पुरुषांत, तसेच पाळी बंद झालेल्या स्त्रियांत लोहाची कमतरता आढळल्यास नुसत्या गोळ्यांवर भागवू नये. रक्त कोठे जाते, ते शोधलेच पाहिजे.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने तपासतात. मिनिटभराचे काम, पण गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठ त्यात हाताला लागते. संकोचामुळे ही तपासणी टाळू नका. यानंतर कोलोनोस्कोपी, म्हणजे संपूर्ण मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करतात. आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध घ्यावे लागते. संशयित जागेचा तुकडा काढून तपासला की निदान पक्के होते. रोग किती पसरला आहे, हे सीटी स्कॅन व एमआरआयवरून कळते. 'सोनोग्राफी नॉर्मल आली' म्हणून निर्धास्त राहू नये. लहान गाठ तीत दिसेलच, असे नाही.

हा रोग वाढत्या वयात अधिक होतो, पण तिशी-चाळिशीतही आढळतो. आई-वडील वा भावंडांपैकी कोणास झाला असल्यास चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा, लक्षणे नसली तरी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

'पोटावर पिशवी लावतील' या धास्तीने अनेकजण तपासणी लांबवितात. ती सर्वांनाच लागत नाही, आणि पुष्कळांना तात्पुरतीच लागते. रोग आतड्याच्या भिंतीपुरता असताना सापडला, तर बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेने बरे होतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. तेव्हा रक्त दिसले, तर औषधाच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा, आणि 'बोटाने तपासता का?' असे स्वतःहून विचारा.