फ्रान्सच्या खेड्यात एक आठवडा

मुलगा किंवा मुलगी परदेशी आहे म्हणून युरोप पाहून येणारी शेतकरी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. पॅरिसचा आयफेल मनोरा सारेच पाहतात. पण ज्याचा जन्म मातीत गेला, त्याचे मन रमेल ते तिथल्या खेड्यात. म्हणून दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों जिल्ह्यातल्या एका आठवड्याची ही आखणी.

कधी जावे? मेअखेर ते जून हा काळ उत्तम. मेंढ्या दुधावर असतात आणि हवा सुखद असते. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

राहावे कोठे? मियो गावाजवळ ‘जीत’ घ्यावे. जीत म्हणजे खेड्यात भाड्याने मिळणारे घर. पुष्कळदा ते शेतकऱ्याचेच असते. भाडे बहुधा शनिवार ते शनिवार असे ठरते. स्वयंपाकघर असते, तेव्हा पिठले-भाताची सोय होते. बस कमी, चौघांत एक मोटार करावी. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे विसरू नये. रविवारी दुपारनंतर दुकाने बंद, म्हणून शिधा शनिवारीच भरावा.

रविवारी विश्रांती. सोमवारी तार्न नदीची खोल दरी पाहावी. मंगळवारी रोकफोर. येथे मेंढीच्या दुधाचे चीज डोंगराच्या गुहांत मुरवतात. खडकातील भेगांतून येणारी गार, दमट हवा बुरशीला मानवते. चीज तयार होण्यास किमान ९० दिवस लागतात. शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात ठेवावे : दूध साकळण्यासाठी कोकराच्या जठरातील रस वापरतात.

बुधवारी मियोचा बाजार आणि २००४ साली खुला झालेला, ३४३ मीटर उंचीचा पूल. शुक्रवारी ओब्राकची कुरणे. मेच्या २५ तारखेच्या सुमारास गेलात, तर आपल्या पोळ्यासारख्या सजवलेल्या गाई डोंगरावर चरायला निघालेल्या दिसतील.

गुरुवार मात्र लार्झाकच्या माळासाठी राखून ठेवा. १९७१ साली सरकारने येथील लष्करी तळ ३ हजार हेक्टरांवरून १७ हजार हेक्टरांवर नेण्याचे ठरवले. मेंढपाळांच्या जमिनी जाणार होत्या. मार्च १९७२ मध्ये १०३ शेतकऱ्यांनी जमीन न सोडण्याची शपथ घेतली. त्यांच्या पाठीशी लांझा देल व्हास्तो यांनी उपोषण केले. हे गृहस्थ वर्ध्यास गांधीजींजवळ राहिलेले; बापूंनी त्यांचे नाव शांतिदास ठेवले होते. शेतकऱ्यांनी आयफेल मनोऱ्याखाली मेंढ्या नेल्या, १९७८ मध्ये पॅरिसपर्यंत पायी गेले, परवान्याशिवाय ला ब्लाकियेर येथे दगडी मेंढवाडा बांधला. दहा वर्षे ते हटले नाहीत. १९८१ मध्ये मित्तेराँ अध्यक्ष झाले आणि योजना रद्द झाली.

पुढे १९८५ मध्ये, सरकारने तोवर घेतलेली जमीन शेतकऱ्यांच्याच संस्थेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळाली. तिथे जमीन विकता येत नाही. कसणारा निवृत्त झाला की ती दुसऱ्या कसणाऱ्याकडे जाते. धरण, रस्ता, कारखाना यांसाठी ज्यांच्या जमिनीवर खुणेचे दगड पडले, त्यांना हा माळ पाहताना दुभाष्याची गरज पडणार नाही. मेंढवाडा आजही उभा आहे. त्याच्या भिंतीला हात लावून यावे.