जुना लिनक्स सर्व्हर : आधी निदान, मग नवी आवृत्ती

सर्व्हरचे, म्हणजे इतर संगणकांना सेवा पुरवणाऱ्या संगणकाचे, जुनेपण अनेकदा यंत्रात नसून ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असते. ‘सेंटओएस ७’ या लिनक्स प्रणालीच्या देखभालीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. त्यानंतर सुरक्षाविषयक दुरुस्त्या थांबल्या आणि सॉफ्टवेअरचे साठे जुन्या संग्रहात हलवले गेल्याने नवी पॅकेजे उतरवणारी ‘यम’ ही आज्ञाही अडू लागली. अशा वेळी लॉग, म्हणजे प्रणालीने स्वतः ठेवलेल्या नोंदी, व डिस्कवरील मोकळी जागा तपासावी, बॅकअप घेऊन तो प्रत्यक्षात परत उतरतो का हे पडताळावे आणि मगच ‘अल्मालिनक्स’ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची आधी आवृत्ती ८ व त्यानंतर ९ अशी पायरीपायरीने वाटचाल करावी.