टाकणं, फेकणं, उधळणं

मुलानं भाजी ताटात तशीच ठेवली की घरातलं मोठं माणूस म्हणतं, "पानात टाकायचं नाही." भाजी जागची हललेलीही नसते. तरी मराठीच्या हिशेबी ती टाकली गेली, कारण ज्यानं ती संपवायची त्यानं तिच्यावरचा हात काढून घेतला. फेकण्याच्या क्रियापदांकडे बघायला मला हीच जागा सर्वांत चांगली वाटते. 'फेकणे'मध्ये वस्तूचा प्रवास असतो. 'टाकणे'मध्ये आपण तिच्यातून मोकळं होणं असतं.

पेटीत पत्र टाकतात, पाण्यात गळ टाकतात, चुलीवर चहा टाकतात. आपलं काम तिथं संपलं. पुढचं पोस्टमननं, माशानं आणि विस्तवानं करायचं. गोलंदाज चेंडू टाकतो तेही असंच. तो ताशी 140 किलोमीटरनं आला तरी 'टाकलेला'च असतो, आणि सीमारेषेवरून सावकाश परत आलेला चेंडू 'फेकलेला'. गोलंदाज फेकतो असं म्हटलं तर तो आरोप होतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये चेंडू सोडताना कोपर 15 अंशांहून जास्त सरळ झालं तर ती फेक ठरते, आणि मराठी समालोचक हा भेद एका क्रियापदानं सांगून मोकळा होतो.

मोकळं होण्याचा हा अर्थ माणसांना लागू होतो तेव्हा मात्र अंगावर काटा येतो. 'नवऱ्यानं टाकलेली' या दोन शब्दांत घर, पोटगी, गावातली पत, सगळं आलं. तिला कुणी कुठं फेकलेलं नसतं. बहुतेक वेळा ती माहेरी सोडलेली असते आणि न्यायला कुणी येत नाही. 'परित्यक्ता' हा शब्द कागदावर आला, पण गुन्हा कुणाचा हे 'टाकलेली' जितकं स्पष्ट सांगतं तितकं तो सांगत नाही. वाळीत टाकणंही याच जातीचं. माणूस त्याच गावात, त्याच घरात राहतो. त्याच्याशी बोलणं, त्याच्या मयताला जाणं बंद होतं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं 2016 साली स्वतंत्र कायदा केला, तो या 'टाकण्या'विरुद्धच. आणि याच क्रियापदानं आपण माया सांगतो: आजी नातवावर जीव टाकते. स्वतःचा जीवच दुसऱ्याच्या हवाली केला, आता त्यानं सांभाळावा. ज्या शब्दात त्याग आणि माया दोन्ही मावतात तो शब्द मला भाषेतला सर्वांत भारी शब्द वाटतो.

दुसऱ्या क्रियापदाच्या मागे उभं राहूनही 'टाकणे' हेच काम करतं. पत्र लिहून दिलं, लिहून घेतलं, लिहून ठेवलं, लिहून टाकलं. पहिलं दुसऱ्यासाठी, दुसरं स्वतःसाठी, तिसरं पुढच्या वेळेसाठी. चौथ्यात फक्त डोक्यावरचा भार उतरला. म्हणूनच 'विकून टाक', 'सांगून टाक' चालतं, पण 'मला आंबा आवडून टाकला' असं कुणी म्हणत नाही. आवडणं आपल्या हातात नसतं, मग त्यातून हात काढणार कसा?

'फेकणे'चं नशीब वेगळं. क्रियापद घसरलं आणि नाम चढलं. 'तो फेकतोय' म्हणजे थापा मारतोय. पण 'फेक' म्हटलं की कसब. नटाची संवादफेक चांगली असते तेव्हा शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला हलकं कुजबुजणंही ऐकू येतं. भालाफेक म्हटलं की नीरज चोप्राचे टोकियोतले 87.58 मीटर आठवतात. पुरुषांच्या गोळाफेकीत 7.26 किलोचा गोळा खांद्यापासून ढकलावा लागतो, हात मागे नेऊन भिरकावता येत नाही. तरी तिला आपण 'फेक'च म्हणतो.

'मारणे'ला नेम लागतो: दगड कुठंही फेकता येतो, पण मारायचा तर कुणाला तरी. 'भिरकावणे'ला नेम नको, राग पुरे. 'झुगारणे'साठी ओझं आधी आपल्याच मानेवर असावं लागतं. शेतकरी भाताचं बी किंवा युरिया फोकतो, तेव्हा प्रत्येक मुठीचा हिशेब त्याच्या चालीत असतो. तीच मूठ जेजुरीच्या पायरीवर भंडाऱ्यानं भरली की उधळली जाते, तिथं हिशेब ठेवणं हाच अधर्म. मात्र बापाचे पैसे उधळले की तोच शब्द शिवी होतो. देवाला फूल 'वाहतात', आणि खळ्यावर धान्य वाऱ्यावर 'उपणतात'. दोन्हीत वस्तू हातातून सुटते, पण फेकली असं म्हणायला जीभ वळत नाही.

संस्कृतमधूनही हे धन आपल्याकडे आलं आहे. 'क्षिप्' या फेकण्याच्या धातूपासून आक्षेप, संक्षेप, विक्षिप्त आणि प्रक्षेपण. 'अस्' म्हणजेही फेकणं; त्यातून अस्त्र, न्यास, समास, संन्यास आणि अभ्यास निघाले. पुन्हा पुन्हा त्याच दिशेनं स्वतःला टाकत राहणं म्हणजे अभ्यास, ही व्युत्पत्ती शाळेत शिकवली जावी असं मला मनापासून वाटतं.

एक जुना वाद इथं टाळता येणार नाही. भाजीत मीठ 'घाल' की 'टाक'? पुण्याकडची मंडळी 'टाक' ऐकून हिंदीच्या 'डालना'ला दोष देतात. विदर्भातल्या घरांमध्ये ते सहज बोलणं आहे आणि त्याला अशुद्ध म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पण 'घालणे' पूर्ण गेलं तर नुकसान मोठं आहे. कुत्र्यापुढे तुकडा टाकतात, भुकेल्याला जेवायला घालतात. पहिल्यात आपण मोकळे होतो, दुसऱ्यात समोर बसून राहतो. जन्माला घालणं, न्हाऊ घालणं, साद घालणं यांच्या जागी 'टाकणे' बसतच नाही.

आज मालिका, मथळे आणि भाषांतरं 'फेकणे'वरच भागवतात. फोकणं, उपणणं, झुगारणं शहरी मुलांच्या कानावर पडत नाही. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड 1932 ते 1938 दरम्यान निघाले आणि 1950 मध्ये पुरवणी आली. त्यानंतर शेतं, बाजार, मैदानं सगळी बदलली. तुमच्या गावात जाळं, बी, चारा, चेंडू, अक्षता हातातून सोडताना जे क्रियापद वापरतात ते वाक्यासकट लिहून ठेवा. कोण म्हणतं, कुठं म्हणतं, कशाबद्दल म्हणतं, तेही लिहा; आणि आजी-आजोबा बोलते आहेत तोवर लिहा.