शिबिराची तारीख वाडीला विचारून ठरवा

आज भातावरचा करपा किंवा आंब्याचा मोहोर हा विषय नाही. आज लिहायचे आहे ते आपल्या गावाला लागून असलेल्या कातकरी वाडीच्या आरोग्याविषयी. शेती खात्याचा माणूस आरोग्यात कशाला नाक खुपसतो, असे कोणी म्हणेल. पण लावणीला आपल्या खाचरात कोण उतरते? खारीचा बांध फुटला की चिखलात उभे राहून तो कोण सांधते? तिथले मूल तापाने फणफणले तर ती गोष्ट आपल्याही घरची आहे.

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी परसबागेच्या बियाण्याची पाकिटे घेऊन मी एका वाडीवर गेलो. दिवाळी नुकतीच झाली होती. पाकिटे वाटली, सह्या-अंगठे घेतले, अहवाल पाठवला. जानेवारीत भाजी पाहायला गेलो, तर बहुतेक घरांना झाप लावलेले. सारी वाडी वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेली. मागे राहिलेली एक आजी म्हणाली, "साहेब, बी दिलंस, पण पाणी घालाया माणूस कुठं ठेवलास?" बीएस्सी ॲग्री होऊन इतकी वर्षे नोकरी केली, पण वाडी कधी जाते आणि कधी येते, हे मी विचारलेच नव्हते.

त्याच आजीने मला दुसरी गोष्ट शिकवली. तिच्या वाडीवर लसीकरणाचे सत्र महिन्यातल्या एका ठरलेल्या वारी, सकाळी दहाला भरे. कधी गर्दी, कधी शुकशुकाट. नोंदवहीत शेरा पडे, 'लाभार्थी गैरहजर'. लोक अडाणी, त्यांना लशीचे महत्त्व कळत नाही, असे आपणही सहज म्हणून मोकळे होतो. आजी म्हणाली, "आमच्या बाया वार बघून खाडीत जात नाहीत, पाणी बघून जातात."

किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी घरांत भरतीचा हिशेब पोराटोरांनाही पाठ असतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. त्या दिवशी दहा ते दोन बाया खेकडे, निवट्या, कालवे काढायला चिखलात असणार. तो त्यांचा त्या दिवसाचा पैसा आणि त्या दिवसाचे कालवणही. पौर्णिमा-अमावास्येला मात्र अकरा-बाराला खाडी तुडुंब, बाया घरी. (खाडीत आत जावे तशी वेळ थोडी पुढे सरकते, ते धरून चाला.) म्हणजे सत्र पौर्णिमेच्या आगेमागे घेतले तर निम्मे काम झाले! हा हिशेब कोणत्याही कचेरीत सापडला नसता. तो वाडीत होता, फक्त विचारणारा हवा होता.

आता आपल्या ग्रामपंचायतीकडे वळू. वर्षाच्या ग्रामसभा बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. पहिल्या दोन तारखांना वाडी भट्टीवर असते. उरल्या दोन. त्यांतही ग्रामसभा गावच्या देवळात किंवा शाळेत. वाडीची माणसे आली तरी मागे, दाराशी बसतात. त्यांना कोणी बोला म्हणत नाही आणि ती आपण होऊन बोलत नाहीत. मग वाडीच्या पाण्याचे, औषधाचे, अंगणवाडीचे निर्णय आपणच करतो आणि 'सर्वानुमते' लिहितो.

कायद्याची एक गोम इथे समजून घ्या. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याला स्वतःची ग्रामसभा भरवता येते. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. परंतु आपल्या रायगड जिल्ह्यातला एकही तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणून पालघरच्या पाड्याला जे मिळते, ते पेण-अलिबागच्या वाडीला मिळत नाही. कातकरी ही केंद्र सरकारच्या लेखी विशेष दुर्बल आदिम जमात आहे. आपल्या राज्यात अशा तीनच, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. तरीही तिचा आवाज इथे आपल्या, म्हणजे बहुसंख्य गावकऱ्यांच्या, मर्जीवर राहतो. आणि ही काही आगंतुक माणसे नव्हेत. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, तेव्हा हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होते.

विचारून काम केले की काय होते, हे पाहायचे तर गडचिरोलीकडे पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली तिथे गेले. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी गोंड लोकांना विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, घरची माणसे रोग्याजवळ हवीत, असे लोकांनी सांगितले. मग दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. पुढे गावातल्याच बायांना शिकवून त्यांच्या हाती नवजात बाळांची काळजी सोपवली. ३९ गावांतल्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात आले. बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचे वजन करते, त्या पद्धतीचे मूळ तिथले आहे. तिकडे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तर सरकारने २०१३ साली मूळ रहिवाशांच्या आरोग्यसेवेचा कारभार त्यांच्याच संस्थेच्या हाती दिला.

आपल्याला इतके लांब जायला नको. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर आहेच. तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद आहे, म्हणजे खर्च कशावर करायचा ते समितीने ठरवायचे. त्या समितीत वाडीची माणसे किती, हे उद्याच ग्रामसेवकांना विचारा. एखादे नाव असेल तर त्या बाईला आपण सभासद आहोत हे ठाऊक आहे का, तेही पाहा. राज्यात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकांनीच आरोग्यसेवेवर देखरेख ठेवण्याचे काम झाले. गावकरी बसून दवाखान्याच्या कामाला हिरवा, पिवळा, लाल असे रंग देत आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांना जाब विचारत. रंगाला अक्षरओळख लागत नाही. ही युक्ती वाडीत सहज चालेल.

समितीची बैठक भरवाल ती वाडीत भरवा, पौर्णिमेच्या सुमारास, आणि दिवाळीआधी. कोण कुठल्या भट्टीवर जाणार, कोणाच्या बाळाचा गोवर-रुबेलाचा डोस मधल्या महिन्यांत येतो, याची यादी आशाताई आणि वाडीच्या बाया मिळून करू देत. माता-बाल संरक्षण कार्ड बाईच्या गाठोड्यात जाऊ द्या. डोस कोणत्याही जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात मिळतो, हे तिला सांगा. भट्टीमालक तुमच्या नात्यातला असेल तर त्यालाही दोन शब्द सांगा, कारण दवाखान्यात जायला एक दिवसाची सुट्टी तोच देणार.

आजीच्या वाडीवर आता सत्र तिथी पाहून होते. बायांनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उभे राहून ते मागितले आणि डॉक्टरांनी मान्य केले. त्याच सभेत त्यांनी आणखी एक प्रश्न टाकला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन योजनेत आमच्या जमातीसाठी फिरत्या दवाखान्याची गाडी आहे म्हणतात, मग ती कुठे थांबणार आणि किती वाजता, हे कोण ठरवणार? सरपंचांनी तो प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतला आहे. उत्तर अजून यायचे आहे.