ओळंबाही तिरका लटकतो!

मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईच्या पायथ्याशी ओळंबा सोडला, तर डोंगर त्याला किंचित आपल्याकडे ओढतो. डोळ्यांना हे दिसत नाही. पण ताऱ्यांवरून अक्षांश काढताना 'सरळ खाली' कुठे, हे गुरुत्वाकर्षणच ठरवतं. तिथे १ सेकंद कोनाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर!

एकोणिसाव्या शतकात भारताच्या सर्वेक्षणात उत्तरेतल्या कालियानापासून मध्य भारतातल्या कल्याणपूरपर्यंतचं अंतर दोन पद्धतींनी काढलं. फरक आला ५.२३६ सेकंद, म्हणजे सुमारे १६० मीटर. १८५५ मध्ये प्रॅट यांनी हिमालयाच्या ओढीचा हिशेब केला, तर उत्तर जवळपास तिप्पट! कारण डोंगराखालचा खडक तुलनेने हलका असतो. म्हणून नुसता डोंगर पाहून दुरुस्ती होत नाही, गुरुत्वाकर्षणही मोजावं लागतं.

शेताच्या मोजणीत हा फरक नगण्य; देशाच्या नकाशात नाही.